तासाचा भाव

माझा एक दोस्त कॉलेजात समाजशास्त्र शिकवतो. एम.ए., सेट, आता पीएच.डी. चालू. मी इंजिनिअरिंग करून सॉफ्टवेअरमध्ये गेलो. खानदानात कौतुक माझंच झालं. परवा मुंब्र्यात त्याच्या खोलीवर बसून आम्ही त्याच्या कमाईचा हिशेब मांडला.

तासिका तत्त्वावर पदवीच्या वर्गाला तासाला ९०० रुपये. त्याला आठवड्याला ९ तास मिळतात. सगळे तास झाले तर महिन्याला ३२,४००. पण होतात कुठे? परीक्षा, दिवाळी, उन्हाळी सुट्टी, तेव्हा शून्य. खोलीचं भाडं ९,०००, म्हणजे १० तास. आठवडाभर शिकवूनही भाडं निघत नाही. त्यात बिल तीन-चार महिने अडकतं. किराणावाला थांबतो, हे त्याचे उपकार. घरमालक थांबत नाही.

तेवढ्याच पात्रतेच्या कायम सहायक प्राध्यापकाचा सातव्या वेतन आयोगातला मूळ पगारच ५७,७०० पासून सुरू होतो. यूजीसीने २०१९ मध्ये अतिथी प्राध्यापकांसाठी तासाला १,५०० आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये ठरवले. राज्याने निदान तेवढं द्यावं, आणि दरमहा द्यावं.

आपण भाषणांत सच्चर अहवालाचे आकडे फेकतो. पण वस्तीत घरोघर फिरून अशी माहिती गोळा करायला शिकवतात ते याच वर्गांत. या पगारावर तिथे टिकणार कोण? ज्याच्या घरात दुसरी कमाई आहे तोच.

निघताना दोस्ताने विचारलं, "तुझ्या कंपनीत डेटा एंट्रीचं काही आहे का?" त्याचा बायोडाटा मी पुढे पाठवलाय. मनापासून नाही.