गेलेली ताकद नव्हे, उरलेली ताकद जपा

हातातून पेला सुटतो, चालताना पाय अडखळतो, जीभ जड होते. घरचे म्हणतात, "बसून बसून असं झालं. व्यायाम कर." मग कोणी डंबेल आणतो, कोणी मालिशवाल्याकडे नेतो, कोणी ताकदीची सलाईन लावायला सांगतो. अशा लक्षणांमागे अनेक कारणे असू शकतात, म्हणून आधी मेंदूविकार तज्ज्ञाला दाखवा. पण निदान मोटर न्यूरॉन आजाराचे झाले असेल, तर रुग्णाला आळशी ठरवून दमवणे हा अन्याय आहे.

या आजारात स्नायूंना हुकूम देणाऱ्या मेंदूतील आणि मज्जारज्जूतील पेशी मरत जातात. तारच तुटल्यावर बल्ब बदलून काय उपयोग? वजन उचलून त्या पेशी परत येत नाहीत. आजार पूर्ण बरा करणारे औषधही अजून नाही.

मग फिजिओथेरपी कशाला? उरलेले टिकवायला. २००१ मध्ये २५ आणि २००७ मध्ये २७ रुग्णांवर झालेल्या छोट्या अभ्यासांत हलक्या, बेताच्या व्यायामाने हानी झाली नाही, काही काळ थोडा फायदाच दिसला. आजार मात्र थांबला नाही.

म्हणून ज्या स्नायूंत चांगली ताकद आहे, त्यांनाच हलका व्यायाम द्या, तोही फिजिओथेरपिस्टला विचारून. कमजोर झालेले हातपाय घरच्यांनी रोज सावकाश हलवावेत, म्हणजे सांधे आखडत नाहीत. रुग्णाला हात ओढून उठवू नका, खांदा दुखावतो. दुसऱ्या दिवशीही थकवा किंवा दुखणे राहिले, तर व्यायाम जास्त झाला असे समजा. आजारी बाई पाणी भरते, धुणे धुते, त्यातच तिची ताकद संपते. आधी ती कामे वाटून घ्या. आडवे झाल्यावर दम लागला किंवा जेवताना वारंवार ठसका लागला, तर लगेच डॉक्टर गाठा.

शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना हा आजार १९६३ मध्ये, वयाच्या २१ व्या वर्षी कळला. २००१ मध्ये ते चाकांच्या खुर्चीतून मुंबईच्या परिषदेला आले होते. २०१८ पर्यंत ते जगले. इतकी वर्षे फार थोड्यांना मिळतात, पण खुर्ची, बोलण्याचे यंत्र आणि माणसांचा आधार मिळाला की आजारी माणूसही कामाचा राहतो, हे त्यांनी दाखवले.

आपल्या बस्तीत हा आधार कुठून येणार? घाटी रुग्णालय आहे. पण मुकुंदवाडीहून आठवड्यातून तीनदा रिक्षाने जायचे, तर भाडे जाते आणि सोबतच्या माणसाची मजुरीही बुडते. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस तरी फिजिओथेरपिस्ट बसवा, त्याने घरच्यांना शिकवावे, ही मागणी आपण वॉर्डावॉर्डातून केली पाहिजे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मज्जासंस्थेच्या आजारामुळे हालचाल गेली, तर तेही दिव्यांगत्वच धरले आहे. प्रमाणपत्रासाठी लवकर अर्ज करा. हा आपला हक्क आहे, उपकार नव्हे.