पाटीवरची पदवी आणि आतली पद्धत

नगरच्या सावेडी नाक्यापासून प्रोफेसर कॉलनी चौकाकडे आणि तेथून पुढे पाइपलाइन रस्त्याकडे जाणाऱ्या मनुष्याने दुतर्फा लागलेल्या पाट्या वाचीत जाण्याचे ठरविले, तर दंतवैद्य, सोनोग्राफी केंद्र, अभ्यासिका आणि स्पर्धापरीक्षांचे वर्ग यांच्या दाटीत ‘समुपदेशन केंद्र’ ही अक्षरेही आता त्याच्या दृष्टीस पडतात. आणि ज्या नगरात मन बिघडले म्हणजे एक तर देवऋषी नाही तर येरवडा, असे दोनच मार्ग आमच्या वडीलधाऱ्यांना ठाऊक होते, त्या नगरात हा तिसरा मार्ग खुला व्हावा, याविषयी कोणीही समंजस मनुष्य समाधानच व्यक्त करील. आमची तक्रार निराळी आहे. त्या पाटीवर नाव असते, पदवी असते, भेटीची वेळ असते, क्वचित हसऱ्या कुटुंबाचे चित्रही असते. नसते ते एवढेच, की आत बसलेली व्यक्ती मनाविषयी कोणते मत धरून चालते आणि त्या मताच्या आधारे आपल्यावर कोणता उपचार करणार आहे.

आयुर्वेद, होमिओपॅथी आणि ॲलोपॅथी यांतला भेद सावेडीतल्या पोरासोरांनाही कळतो, आणि कोणत्या दुखण्याला कोणाकडे जावे याविषयी घरोघर ठाम मते असतात. मानसोपचारातील पंथभेद याहून तिळभरही कमी नाहीत. व्हिएन्नाच्या फ्रॉइडने मनुष्याच्या दुःखाचे मूळ त्याच्या विस्मृत बाल्यात आणि दडपलेल्या वासनांत शोधले, आणि रुग्णाला कोचावर निजवून, मनात येईल ते बोलावयास लावून, वर्षानुवर्षे त्या बोलण्याचा अर्थ लावण्याचा शिरस्ता पाडला. अमेरिकेच्या वॉटसनने १९१३ साली हे सारे अंतरंग बाजूस सारून, दिसते ते वर्तन आणि जडते ती सवय एवढाच मानसशास्त्राचा विषय, असा जाहीरनामाच काढला. कार्ल रॉजर्सला दोन्ही पक्ष अमान्य होते. मनुष्यास कोणी निष्कपटपणे, न्यायनिवाडा न करता ऐकून घेतले की तो आपला मार्ग आपणच शोधतो, ही त्याची श्रद्धा. आणि आल्बर्ट एलिस, जो प्रारंभी स्वतःच मनोविश्लेषक होता, त्याने १९५५ च्या सुमारास असे प्रतिपादिले, की घटना मनुष्यास अस्वस्थ करीत नाही, घटनेविषयीची त्याची धारणा करते. सबब धारणेची उलटतपासणी हाच उपचार. हे चौघे एका खोलीत बसले असते तर रुग्ण बाहेर ताटकळत राहिला असता, आणि आतील वाद मिटला नसता.

हा वाद पंडितांचा, त्याच्याशी आम्हांस काय कर्तव्य, असे वाचकाने म्हणू नये. गुलमोहर रस्त्यावरील एखाद्या गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्या एका गृहिणीची कल्पना करावी. बाहेर पडताना ती गॅसची कळ बंद करते, कुलूप लावते, जिना उतरते, पुन्हा वर येऊन कळ पाहते. भिस्तबाग चौकापर्यंत गेल्यावर तिला पुन्हा शंका येते आणि रिक्षा वळवून ती परत येते. यजमान निवृत्त, स्वभावाने गरीब. ते दर खेपेस ‘बंद केला आहे गं, मी स्वतः पाहिला’ असा हवाला देतात, आणि तो हवाला दहा मिनिटेसुद्धा पुरत नाही. लोक हिला ‘फार काळजी करणारी’ म्हणतात. वैद्यकाच्या दफ्तरी या दुखण्याची नोंद निराळ्या नावाने होते, आणि त्यावर औषधांबरोबरच एक अगदी विशिष्ट असा वर्तनोपचार आहे. लंडनच्या व्हिक्टर मेयर याने १९६६ साली त्याचा पहिला दाखला प्रसिद्ध केला. भीती वाटते त्या प्रसंगास बुद्धिपुरस्सर सामोरे जावयाचे, आणि भीती शमविण्यासाठी जी कृती हातून होते ती मात्र होऊ द्यावयाची नाही, एवढे त्याचे सार आहे. आमच्या या गृहिणीने कळ एकदाच बंद करावी, कुलूप लावावे, आणि उपचारकाच्या सोबतीने चौकातल्या बाकावर जाऊन बसावे. छातीत धडधड होईल, हाताला घाम फुटेल, घर पेटल्याचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहील, तरीही उठू नये. ती अस्वस्थता चढते, शिगेला पोचते आणि, रुग्णाचा यावर विश्वास बसत नाही तरीही, आपोआप ओसरू लागते. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. आणि यजमानांना ताकीद, की हवाला बंद. कारण त्यांचे ते प्रेमळ वाक्य म्हणजे दुखण्याला घातलेला रोजचा रतीब असतो.

आता हीच बाई केवळ ऐकून घेणाऱ्या समुपदेशकाकडे गेली, तर तिला तासभर बरे वाटेल आणि घरी येताच ती कळ पाहील. बालपणीच्या आठवणी उकरणाऱ्याकडे गेली, तर माहेरच्या जाचाचा मोठा इतिहास निघेल, तो खराही असेल, आणि त्या इतिहासाच्या वाचनात दोन वर्षे सरतील. कळ मात्र तशीच राहील. येथे कोणीही लबाडी केलेली नाही, कोणाची पदवी खोटी नाही. पंथ चुकला, एवढेच झाले; आणि ती चूक ओळखण्याचे कोणतेही साधन त्या बाईच्या हाती नव्हते.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे, तर या पंथांपैकी एलिसच्या पंथाला आपल्याकडे जी रुजवात लाभली ती इतरांना लाभली नाही, आणि तिचे श्रेय प्रामुख्याने कि. मो. फडके यांचे आहे. मुंबईत राहून त्यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार केला, आणि एलिस यांच्या न्यूयॉर्क येथील संस्थेचे फेलो व पर्यवेक्षक होण्याचा मान मिळविणारे ते पहिले भारतीय ठरले. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली स्थापन केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेने हा विवेकनिष्ठ विचार व्याख्यानांतून आणि पुस्तकांतून सामान्य वाचकांपर्यंत नेला. आमचा तर्क असा, की आगरकरांपासून ज्या समाजातील सुशिक्षितांना बुद्धिवादाची सवय जडली होती, त्यांना ‘तुमच्या दुःखास पुरावा काय?’ असे विचारणारा उपचारक परका वाटला नाही. वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेत मुलाचे गुण कमी पडले म्हणून अन्न वर्ज्य करून बसलेल्या बापाला, ‘प्रवेश मिळावा’ ही उत्कट इच्छा आणि ‘प्रवेश मिळालाच पाहिजे, न मिळाल्यास तोंड दाखविण्यास जागा नाही’ ही हुकमी मागणी, यांतील अंतर कोणी कागदावर मांडून दाखविले, तर त्याचे ओझे खरोखरच उतरते. आणि बापाचे उतरले म्हणजे मुलाचेही.

परंतु ज्या उपचाराविषयी आमच्या मनात इतका आदर आहे, त्याच्याच अनुयायांत उपदेशकी वृत्ती बळावलेली दिसते, हेही सांगितले पाहिजे. नेप्तीच्या बाजारात कांदा उतरवून, हाती आलेल्या पट्टीत गाडीभाडेही न निघालेला पारनेरचा किंवा पाथर्डीचा शेतकरी जर निद्रानाशाची कैफियत घेऊन आला, तर त्याच्या धारणेत दोष काढणे ही बुद्धीची नव्हे, मनाच्या कोरडेपणाची खूण होय. त्याचा हिशेब बिनचूक आहे. एलिसने स्वतः व्यवहारातील अडचण आणि तिच्याविषयीचा भावनिक त्रास यांत भेद केला होता. तो भेद विसरून जे केवळ घटना आणि धारणा यांचे त्याचे कोष्टक पाठ करतात, त्यांच्या हाती ते कोष्टक दुखावणारे शस्त्र होते.

पंथावर आम्ही जो एवढा भर दिला, त्यावर एक भारदस्त आक्षेप आहे, आणि तो मानसशास्त्राच्या आतूनच आलेला आहे. साउल रोझेनत्स्वाइग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३६ साली एका छोट्याशा लेखात असे सुचविले, की परस्परविरोधी पंथांचे उपचार जर साधारण सारखेच यशस्वी होत असतील, तर गुण पंथाचा नसून सर्व पंथांत समान असलेल्या कशाचा तरी, उपचारकाच्या व्यक्तित्वाचा आणि नात्याचा, असला पाहिजे. पुढील संशोधकांनी या मताची बरीच पाठराखण केली आहे.

योगायोग असा, की त्याच १९३६ साली सावेडीवरून मनमाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, राहुरी येथे, मेहेरबाबांनी वेड्यांसाठी आश्रम उघडला होता. डॉ. विल्यम डॉन्किन या त्यांच्या इंग्रज शिष्याने पुढे लिहून ठेवलेल्या वृत्तान्तात त्या आश्रमाचे वर्णन आहे: रस्त्यावरून आणलेल्या माणसांना बाबा स्वतः न्हाऊ घालीत, त्यांचे केस कापीत, त्यांना भरवीत. ईश्वरी उन्मादाने व्यापलेले ‘मस्त’ आणि सामान्य अर्थाने वेडे, असा भेद ते करीत; आम्ही त्या भेदाविषयी मत देण्याचे अधिकारी नाही. परंतु एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. जुलै १९२५ पासून बाबांनी मौन धरलेले होते. जगभर ज्या उपचाराला ‘बोलण्याचा उपचार’ म्हणून ख्याती मिळत होती, त्याच्या ऐन बहराच्या काळात राहुरीत एक मनुष्य एक अक्षरही न उच्चारता भ्रमिष्टांची सेवा करीत होता. रोझेनत्स्वाइगला याहून टोकाचे उदाहरण शोधूनही सापडले नसते.

त्याच रस्त्यावर, राहुरीच्या अलीकडे, शिंगवे नाईक येथे डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे या दांपत्याची माऊली सेवा प्रतिष्ठान ही संस्था आज उभी आहे. रस्त्यावरच्या निराधारांना घरचे जेवण नेऊन देण्यापासून त्यांच्या कामाचा आरंभ झाला, आणि मनोरुग्णावस्थेत रस्त्यावर फेकल्या गेलेल्या स्त्रिया व त्यांची मुले यांचे ते घर बनले. येथे सेवा आहे तसे औषधही आहे. ज्या स्त्रीला भास होतात, तिला केवळ माया लावून ते भास जात नाहीत, हे ती संस्था जाणते. आम्हांस यात आक्षेपाचे उत्तर मिळते. ममत्व ही उपचाराची पूर्वअट खरी, आणि पुष्कळशा सौम्य दुःखांना ती एकटीच पुरतेही; पण गॅसची कळ, दारूचे व्यसन, भास, गाढ औदासीन्य, ही दुखणी आपापली विशिष्ट तजवीज मागतात, आणि तेथे ‘सगळे पंथ सारखेच’ ही उक्ती उपचारकाच्या आळसाला सोयीची मखलाशी ठरते.

दुसरा एक आक्षेप व्यवहारी लोकांचा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने विकाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना राहतात असे नोंदविले असताना, मिळेल त्या मदतीची इतकी चिकित्सा कशाला? याचे उत्तर असे, की शेजाऱ्यांची नजर चुकवून, मनाशी शंभर वेळा ठरवून, जो एकदा त्या पाटीखालचे दार उघडतो, आणि चार महिने पैसे मोजून जसा गेला तसा परत येतो, तो पुन्हा जात नाही. आणि आपल्या धाकट्या भावालाही जाऊ देत नाही.

आपल्या समाजाची एक अडचण वर सांगितलेल्या चारांपैकी कोणत्याही पंथाने पुरती हिशेबात घेतलेली नाही, तीही सांगून टाकतो. सावेडीतील रुग्ण एकटा येत नाही. सून रुग्ण असेल तर उत्तरे सासूबाई देतात. मुलगा रुग्ण असेल तर मामा देतात. विदा स्कल्टन्स या ब्रिटिश संशोधिकेने फलटणच्या महानुभाव मंदिराचा अभ्यास करून १९८७ साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात तिला असे दिसले, की आजाऱ्यासोबत घरचेही तेथे मुक्कामास येतात, आणि पुष्कळदा अंगात येते ते रुग्णाच्या नव्हे, तर त्याची शुश्रूषा करणाऱ्या आईच्या वा पत्नीच्या. मंदिरातील त्या विधीचे समर्थन करण्याचा आमचा मुळीच मानस नाही. मात्र दुखणे एकट्याचे नसून घराचे आहे, हे जे तेथे निरक्षर बायांना उमगले होते, ते रॉजर्सच्या पुस्तकातून उमगत नाही, आणि शिकलेल्या समुपदेशकाने नातेवाइकांना बाहेर बसवून ते विसरता कामा नये.

मग मागणे काय? मनोविकारतज्ज्ञ वैद्यकीय परिषदेच्या अंमलाखाली असतात; चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते; समुपदेशकांचा वर्ग मात्र संसदेने २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांविषयीच्या कायद्याने प्रथमच कक्षेत आणला, आणि तोवर या बिरुदामागे कोणतीही सनद लागत नव्हती. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २२ अन्वये रुग्णाला आपल्या आजाराचे स्वरूप आणि योजिलेला उपचार, त्याला समजेल अशा भाषेत, जाणून घेण्याचा हक्क आहे. हे कलम समुपदेशकाच्या प्रत्येक खोलीस लागू पडते की नाही, हा वकिलांचा खल. सद्वर्तनी समुपदेशकाला त्याचा फैसला होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. पहिल्याच बैठकीत त्याने अर्ध्या पानाचा मराठी कागद रुग्णाच्या हाती द्यावा: माझे शिक्षण अमुक, मी या पद्धतीने काम करतो, या दुखण्याला साधारण इतक्या बैठका लागाव्यात, इतक्या मुदतीत उतार न पडल्यास मी तुम्हांस अमक्या प्रकारच्या तज्ज्ञाकडे पाठवीन, आणि औषधाची गरज दिसल्यास ते देण्याचा अधिकार मला नसून मनोविकारतज्ज्ञाला आहे. ज्यांना हा कागद आपण होऊन मिळणार नाही, त्यांनी तो मागावा. मागणे उद्धटपणाचे वाटत असल्यास, दूरध्वनीवर वेळ ठरवितानाच एवढे विचारावे, की ‘मॅडम, आपण कोणत्या पद्धतीने काम करता?’ आणि पलीकडून सरळ उत्तर आले नाही, तर वेळ ठरविण्याची घाई करू नये.