लपलेल्याला बाहेर ओढू नका

मंडळी, आज जरा भांडायचंय. कुणाशी, ते घरच्यांना कळेलच.

गेल्या दिवाळीत गावी सगळे जमलो होतो. पाहुणे आले आणि माझी सहा वर्षांची भाची गायब. शोधाशोध केली, तर बाईसाहेब मागच्या अंगणात तगरीच्या झाडामागे बसलेल्या! एका काकांनी तिला हाताला धरून पडवीत सगळ्यांसमोर उभं केलं. "भागूबाईसारखी लपतेस काय? म्हण बघू कविता!" ती रडली. सगळे हसले. मीही हसलो, हे आधीच कबूल करतो.

संध्याकाळी हळूच येऊन म्हणाली, "मामा, तुला फुलातला कोळी दाखवू?" तगरीच्या पांढऱ्या फुलावर तितकाच पांढरा कोळी पुढचे लांब पाय पसरून बसला होता. या झाडाची फुलं मी लहानपणापासून देवासाठी तोडतोय, पण असा कोळी मला कधी दिसला नव्हता. तिला दिसला, कारण ती तिथे गप्प बसून होती.

मग काय, वाचत सुटलो. हा खेकडा कोळी. जाळं विणत नाही, फुलावर बसून माशा-मधमाशांची वाट बघतो. याच्या काही भाईबंदांना पांढऱ्याचं पिवळं होता येतं, पण त्याला कित्येक दिवस लागतात. खरी गंमत पुढेच आहे. ऑस्ट्रेलियातल्या अशाच एका कोळ्यावर २००३ साली शोधनिबंध आला. आपल्याला फुलात मिसळून गेलेला वाटणारा तो कोळी अतिनील किरण परावर्तित करतो. ते मधमाशीला दिसतात आणि ती कोळी असलेल्या फुलाकडेच जास्त ओढली जाते! आपण ज्याला लपणं म्हणतो, ती तिच्या लेखी चक्क जाहिरात. वाघाचंही तसंच. हरणाला केशरी आणि हिरवा यांत आपल्यासारखा फरक दिसत नाही, म्हणून एवढा भडक प्राणी गवतात विरून जातो.

एक कोळी तर जाळ्यात खाल्लेल्या किड्यांची टरफलं ओळीने लावतो आणि मधे स्वतःच कचरा होऊन बसतो. दुसरा आंब्यावरच्या तांबड्या मुंग्यांसारखा दिसतो आणि पुढचे दोन पाय मिशांसारखे वर धरतो. समोरच्याला काय दिसतं याचा केवढा हिशेब आहे यात! (तो हिशेब पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून जमलेला, कोळ्याने डोकं चालवून नव्हे, हे मान्य.)

आता सांगा, यात भित्रेपणा कुठला? गनिमी काव्याच्या गोष्टी सांगताना आपली छाती फुगते. घाटात दबा धरला तर तो पराक्रम, आणि पोरगी झाडामागे बसली की भागूबाई?

कुणी म्हणेल, कोळी लपतो तो मारायला. लपण्यात लबाडी असतेच. खरंय. म्हणून तर कोण कुणापासून लपतंय हे आधी बघावं. पैशांचा हिशेब लपवणारा माणूस आणि दहा अनोळखी चेहऱ्यांपासून लपणारं मूल यांना एका मापाने मोजू नका. पहिल्याला जरूर बाहेर ओढा. मूल कुणाला फसवत नसतं, थोडा वेळ मागत असतं.

"पण मग धीटपणा यायचा कसा?" हा काकांचा नेहमीचा प्रश्न. काका, तुम्ही हे वाचता हे ठाऊक आहे, म्हणून उत्तर इथेच देतो. त्या दिवशी पडवीत तिच्या तोंडून एक ओळ निघाली नाही. संध्याकाळी तीच पोरगी आपणहून आली आणि कोळ्याबद्दल माझ्याशी अर्धा तास बोलत होती. तिला कुणी ओढून आणलं नव्हतं.

असो. रागावू नका. सुट्टीत पुन्हा जमूच. ती लपली तर लपू द्या. शोधायचीच हौस असेल, तर तगरीपाशी जाऊन तुम्हीही थोडा वेळ गप्प बसा. तिच्या मनात आलं, तर तुम्हालाही कोळी दाखवेल.