दोरो खोऱ्यातील द्राक्षांचे दोन भाव

गोव्यात 'पोर्ट वाइन' या नावाने विकली जाणारी गोड वाइन मराठी माणसाच्या परिचयाची आहे. मात्र हे नाव ज्या पोर्तुगालमधून आले, तेथील दोरो नदीच्या खोऱ्यात खुद्द पोर्टलाच उतरती कळा लागली आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात तेथील द्राक्ष बागाईतदार रस्त्यावर उतरले, ते याच कारणामुळे. या संकटातून साधी, म्हणजे जेवणासोबत घेतली जाणारी वाइन त्यांना तारील काय, हा आता कळीचा प्रश्न आहे.

दोरोतील अर्थकारण एका जुन्या परवाना पद्धतीवर उभे आहे. रस आंबत असतानाच त्यात द्राक्षांपासून काढलेले मद्यार्क घालून किण्वन थांबविले की पोर्ट तयार होते; साखर शिल्लक राहिल्याने ती गोड लागते. असा किती रस वापरायचा, याचा कोटा दरवर्षी ठरतो आणि जमीन, उंची, वेलींचे वय यांच्या गुणांकनानुसार तो बागांना वाटला जातो. यालाच 'बेनेफिसिओ' म्हणतात. कोट्यातील द्राक्षांना चांगला भाव मिळतो. त्याच वेलीवरच्या उरलेल्या द्राक्षांना बरेचदा उत्पादन खर्चही सुटत नाही. २०२३ मध्ये १ लाख ४ हजार पिंपांचा असलेला हा कोटा २०२४ मध्ये ९० हजारांवर आणि २०२५ मध्ये ७५ हजारांवर आला. एक पिंप ५५० लिटरचे. दोन वर्षांत चौथ्या हिश्श्याहून अधिक उत्पन्नाची हमी गेली, असा याचा अर्थ.

साध्या वाइनची वाट येथे अगदीच नवी नाही. फेरेरा या पोर्ट कंपनीच्या फर्नांदो निकोलाउ द आल्मेदा यांनी १९५२ मध्ये 'बार्का वेल्या' ही वाइन बनविली, तेव्हा रस थंड ठेवण्यासाठी दुरून बर्फ आणावा लागला होता. परंतु पोर्टची निर्यात व्हिला नोव्हा द गाया येथील गोदामांतूनच करण्याचे बंधन १९८६ पर्यंत होते. ते उठले, त्याच वर्षी पोर्तुगाल युरोपीय समुदायात दाखल झाला, आणि बागाईतदार कुटुंबांना स्वतःच्या नावाने बाजारात उतरता आले.

'किंता दो वाले मेआंव' हे याचे ठळक उदाहरण. डोना अंतोनिया फेरेरा यांनी १८७७ मध्ये उभारायला घेतलेल्या या मळ्याची द्राक्षे दीर्घकाळ 'बार्का वेल्या'साठी जात. त्यांचे वंशज फ्रान्सिस्को ओलाझाबाल यांनी कंपनी सोडून १९९९ च्या हंगामापासून मळ्याच्याच नावाची वाइन काढली. २०११ च्या हंगामाच्या या वाइनला एका प्रतिष्ठित अमेरिकी नियतकालिकाने २०१४ च्या यादीत जगात चौथे स्थान दिले. नीपोर्टसारखी जुनी पोर्ट घराणीही याच मार्गाने गेली.

तथापि या यशाला मर्यादा आहेत. ज्यांच्याकडे तळघर, भांडवल आणि परदेशी ग्राहक आहेत, त्यांनाच बाटलीवर स्वतःचे नाव लावता येते. डोंगरउतारावरच्या दगडी पायऱ्यांवर दोन-चार एकर कसणाऱ्याला द्राक्षे विकण्यावाचून गत्यंतर नसते. यंत्र चालत नसल्याने मजुरीचा बोजा जबर, आणि जगभर वाइनचा खप घटत असल्याने खरेदीदार आखडता हात घेतो. पोर्टमध्ये घालायचे मद्यार्क बाहेरून न आणता खोऱ्यातील शिल्लक द्राक्षांपासूनच काढावे, ही त्यांची मागणी यातूनच आली आहे. मात्र ते महाग पडेल, असा व्यापाऱ्यांचा आक्षेप आहे.

१७५६ मध्ये मार्किस द पोंबाल यांनी या प्रदेशाच्या सीमा आखल्या, त्या भाव आणि प्रत सांभाळण्यासाठी. २००१ मध्ये युनेस्कोने या उतारांना जागतिक वारसा ठरविले. हा वारसा पायऱ्यांचा आहे, आणि पायऱ्या टिकतात त्या कसणाऱ्यांच्या हातांनी. नामवंत घराण्यांच्या वाइनने दोरोची पत वाढविली. त्या पतीतला वाटा द्राक्षांच्या भावात उतरला नाही, तर वारशाची पाटी राहील आणि उतार ओसाड पडतील.