आयुष्याचे श्रेय ताटाला?

धर्माप्रमाणे जेवा म्हणजे शंभर वर्षे जगाल, असे सांगणारे वक्ते आमच्या गोरेगावात हल्ली उदंड झाले आहेत. दाखला ठरलेला: जवाहरनगरातले आमचे जैन शेजारी. जेवण सूर्यास्ताच्या आत, कंदमूळ वर्ज्य, पाणी उकळून गाळलेले. मग आयुष्य का वाढू नये? या शेजाऱ्यांविषयी मला आदर आहे. उकळलेल्या पाण्याने तर पटकीच्या दिवसांत कित्येक जीव वाचले असतील. पण हिशेब येथेच मिटवणे मला साफ नामंजूर आहे.

कारण शेजारच्या जोगेश्वरीत माल्कम बाग आहे. तेथला पारशी सकाळी अंडी खातो, धानसाकात मटण घालतो, संध्याकाळच्या पेगला नाही म्हणत नाही. तरी दीर्घायुष्याबद्दल ख्याती त्याचीच! ते पुण्य अंड्याचे म्हणावयाचे काय? (पारशांत म्हातारे पुष्कळ दिसतात, ते काही अंशी पाळणे हलत नाहीत म्हणूनही. १९५१ साली ते देशात लाखाच्या वर होते. २०११ साली ५७,२६४ उरले. आजोबा मोजताना नातवंडेही मोजावीत.)

या दोन समाजांच्या ताटांत काडीचे साम्य नाही. साम्य आहे ते ताटाबाहेर. २०११ च्या जनगणनेत सात वर्षांवरील जैनांत शेकडा सुमारे ९५ साक्षर निघाले. पारशांना पंचायतीच्या बागांतून हवेशीर घरे मिळाली, कंबाला हिलवर स्वतःचे इस्पितळ मिळाले.

यावर वक्ते कॅलिफोर्नियातले ॲडव्हेंटिस्ट काढतात. २००१ साली प्रसिद्ध झालेला तो अभ्यास खरा आहे. त्या पंथाचे पुरुष तेथील इतर गोऱ्यांपेक्षा सुमारे सात वर्षे आणि स्त्रिया चार वर्षे अधिक जगतात. पण संशोधकांनी त्यांची श्रद्धा तोलली नाही; तंबाखू, व्यायाम, वजन आणि आहार पाहिला. विडी टाकण्यासाठी बाप्तिस्मा घ्यावा लागत नाही.

गोरेगावचे आयुष्य कुणी वाढवले असे मला विचाराल, तर मी मृणालताई गोरे यांचे नाव घेईन. १९६१ साली महापालिकेत निवडून गेलेल्या या बाईंनी पाण्यासाठी रान उठवले, म्हणून त्या 'पाणीवाली बाई' झाल्या. त्या नळाखाली हंडा लावताना रात्री काय शिजवलेत, असे कुणी कुणाला विचारले नाही.

आता विचारतात. माझा भाचा गेल्या वर्षी घर पाहावयास गेला, तर दलालाचा पहिला प्रश्न, "मासे खाता?" भाव नंतर. बोंबील तळणाऱ्याला जिन्याखालूनच परत पाठवावयाचे, आणि वर त्याला आरोग्य म्हणावयाचे! राग आहे तो याचा. कुणाच्या चौविहाराचा नव्हे.

आमच्या इमारतीत चार घरची भांडी घासणाऱ्या बाई आहेत. टोपलीत काही नसले की सूर्यास्तानंतर न जेवण्याचे व्रत त्यांच्याकडून आपोआप पाळले जाते. पन्नाशीतच त्यांचे गुडघे गेले आहेत आणि दम लागतो. पुढल्या व्याख्यानाला मी त्यांना पहिल्या रांगेत बसवणार आहे. वक्त्यांनी त्यांचे आयुष्य किती वाढले ते सांगावे.