देशदर्शन : अलप्पुळाचे कालवे

घराबाहेर पाऊल टाकले की रस्ता लागतो, असे आपण गृहीत धरून चालतो. केरळमधील अलप्पुळा शहराच्या मागे पसरलेल्या कुट्टनाड प्रदेशात मात्र कित्येक घरांच्या उंबरठ्यासमोर पाणीच असते. बाजारहाट करावयाचा असो, मुलांना शाळेत धाडावयाचे असो, की आजाऱ्याला दवाखान्यात न्यावयाचे असो, होडीवाचून तेथील संसाराचे पान हलत नाही.

अलेप्पी या नावाने आपल्या परिचयाचे असलेले हे बंदर अठराव्या शतकात त्रावणकोर संस्थानचे दिवाण राजा केशवदास यांच्या पुढाकाराने भरभराटीस आले. वेंबनाड सरोवरातून येणारा माल समुद्रकिनाऱ्याकडे नेता यावा म्हणून शहरातून कालवे खोदण्यात आले आणि त्यांच्या काठाने वखारी व पेढ्या उभ्या राहिल्या. मिरी, सुंठ, खोबरे आणि काथ्या यांनी भरलेली ‘केट्टुवळ्ळम्’ ही मोठी नाव या व्यापाराचे वाहन होय. ‘केट्टु’ म्हणजे बांधणे. या नावेच्या फळ्या खिळ्यांनी ठोकीत नाहीत, सुंभाने शिवतात. रस्ते व मालमोटारी आल्यावर हा व्यापार ओसरला. आज यांतील पुष्कळ नावा सहलीच्या घरनौका बनल्या आहेत.

तेथील रहिवाशांचे दळणवळण मात्र राज्य जलवाहतूक खात्याच्या बोटींवर चालते. आपल्या एस. टी.प्रमाणे या बोटी धक्क्याधक्क्यावर थांबतात आणि विद्यार्थी, शिक्षक, कारकून व भाजीच्या टोपल्या घेऊन पुढे निघतात. जानेवारी 2017 मध्ये जवळच्या वैकम येथे ‘आदित्य’ ही सूर्यशक्तीवर चालणारी 75 उतारूंची बोट सुरू झाली. तिला ना डिझेल लागते, ना तिचा तवंग पाण्यावर उरतो.

काथ्या हा या शहराचा जुना उद्योग. नारळाची सोडणे पाण्यात कुजवावयाची, कुटून तंतू मोकळे करावयाचे आणि त्यांचे सूत वळावयाचे, ही कामे मुख्यतः स्त्रियांच्या हातांनी होत आली आहेत. आपल्या दाराशी असलेल्या पायपुसण्याचा धागा कदाचित याच कालव्यांच्या काठी वळलेला असेल.

कुट्टनाडची भातशेती समुद्रसपाटीहून खालच्या पातळीवर होते. कोकणातील खाजणांप्रमाणे येथेही बांध घालून व पाणी उपसून जमीन मिळविलेली आहे. 2013 साली जागतिक अन्न व शेती संघटनेने या कृषिपद्धतीला वारशाचा मान दिला. उन्हाळ्यात समुद्राचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून वेंबनाडवर तण्णीरमुक्कम येथे दारांचा बंधारा बांधण्यात आला. त्याने पीक वाचले. परंतु भरती-ओहोटीचे पाणी अडल्याने सरोवर धुऊन निघेनासे झाले. खाऱ्या पाण्यात मरणारी जलपर्णी फोफावली आणि कालव्यांतून वल्हे चालविणे कठीण झाले. माशांच्या येण्याजाण्याची वाट अडली. शेतकऱ्याला दारे बंद हवीत आणि कोळ्याला उघडी. दोघांचेही म्हणणे रास्त आहे. म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे.

सर्वांत मोठी विसंगती पिण्याच्या पाण्याची. चोहोंकडे पाणी, परंतु घोटभर पिण्याजोगे नाही. शहराचे सांडपाणी, शेतातील औषधे आणि घरनौकांची घाण त्यात मिसळते. त्यामुळे कित्येक गृहिणींना हंडे होडीत घालून दूरच्या नळाची वाट धरावी लागते. ऑगस्ट 2018 च्या महापुरात तर कुट्टनाड जवळजवळ संपूर्ण रिकामे करावे लागले. त्या संकटात लोकांना बाहेर काढण्यास होड्याच कामी आल्या, आणि केरळच्या किनाऱ्यावरील कोळी आपल्या नावा घेऊन पूरग्रस्तांच्या मदतीस धावले.

दरवर्षी पावसाळ्याच्या अखेरीस पुन्नमडा सरोवरावर नेहरू चषकाच्या नौकाशर्यती भरतात. पंडित नेहरूंच्या 1952 मधील भेटीतून त्यांचा आरंभ झाला. शंभराच्या आसपास वल्ही एका तालात पडताना पाहणे हा अपूर्व सोहळा होय. वाचकहो, तो पाहावयास आपण सहकुटुंब अवश्य जावे. मात्र घरनौका भाड्याने घेताना तिचे सांडपाणी कोठे जाते, हे आधी विचारावे आणि पाण्यात काहीही टाकू नये. ज्या पाण्यावर आपण दोन दिवस विसावणार, त्याच पाण्याच्या काठी कोणाचे तरी स्वयंपाकघर आहे.