पडलेले झाड आणि उभी फाइल

झाशीला मे-जूनमध्ये येणाऱ्या धुळीच्या वादळाला तिथे 'आँधी' म्हणतात. दुपारी आकाश तांबूस होते, अर्धा तास काही दिसत नाही, आणि सगळे शांत झाल्यावर सिव्हिल लाइन्स किंवा छावणीच्या रस्त्यांवर एखाददुसरा जुना वृक्ष आडवा झालेला आढळतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका वादळात एका सरकारी कार्यालयाच्या आवारातील शीशम मुळासकट उन्मळून पडला. शीशम म्हणजे आपल्याकडील शिसवीचा अगदी जवळचा नातलग. त्याच्या विल्हेवाटीच्या फाइलवर शेवटी जी सही झाली, ती माझी होती. म्हणून हा लेख.

त्या झाडाचा हिशेब आधी मांडतो. खोडाचा सरळ भाग बारा फूट लांब आणि घेर सहा फूट होता. वखारीतील जुन्या रीतीप्रमाणे घेराच्या चौथ्या भागाचा वर्ग करून लांबीने गुणले की २७ घनफूट येतात. आरागिरणीत कापताना साल, भुसा आणि वाकडे तुकडे वजा जाता निम्मे लाकूड हाती लागले असे धरू. म्हणजे एक इंच जाडीच्या सुमारे १६० चौरस फूट फळ्या. त्यांतून पाच बाय तीन फुटांच्या दहा टेबलांचे पृष्ठभाग सहज निघतात, आणि तेही दोन पिढ्या टिकतील असे.

प्रत्यक्षात घडले ते वेगळे. पंचनामा, मूल्यांकनासाठी पत्र, स्मरणपत्र, समितीची बैठक, निविदा, एकही बोली न आल्याने पुन्हा निविदा, अशा क्रमाने दोन पावसाळे उलटले. ओंडका मातीवर पडून होता. टोकांना उभ्या भेगा गेल्या, सालीजवळचे फिकट लाकूड भुंगेऱ्यांनी आणि बुरशीने पोखरले. मूल्यांकन करणाऱ्याने बाहेरून पाहिले आणि 'जळाऊ लाकूड' असा शेरा मारला. दर त्याप्रमाणे ठरला आणि मी सही केली. कार्यालयात काम करणाऱ्या एका वृद्ध सुताराने ओंडक्यावर हातोडी वाजवून गाभा अजून शाबूत असल्याचे मला सांगितले होते. परंतु सुताराचे मत टिपणीत कोठे लिहायचे, याचा रकाना नव्हता. खरेदीदाराची गाडी आरागिरणीकडेच गेली, असे पुढे कळले. त्याच वर्षी आम्ही भुशाच्या दाबीव फळ्यांची नवी टेबले विकत घेतली.

यात कोणी पैसे खाल्ले नाहीत. प्रत्येकाने नियमच पाळला, आणि तरीही सार्वजनिक मालमत्तेचे नुकसान झाले. असे का होते, हा खरा प्रश्न आहे.

मला वाटते, आपण लाकडाला भंगार लोखंडाची कार्यपद्धती लावतो. लोखंड वर्षभर पडून राहिले तरी त्याची किंमत फारशी घटत नाही. नुकते पडलेले लाकूड मात्र नाशवंत माल आहे. ते लगेच कापून, फळ्यांमध्ये पट्ट्या घालून, सावलीत हवेशीर रचले तर इंचभर जाडीला साधारण वर्षभरात वाळते आणि टिकते. पडल्याच दिवशी टोकांना डांबर किंवा रंग फासला तरी भेगा बऱ्याच कमी होतात. म्हणजे अर्थशास्त्राच्या भाषेत, येथे विलंबाची किंमत फार मोठी आहे, परंतु ती कोणाच्याच खात्यात खर्ची पडत नाही.

कायद्याला हे ठाऊक नाही, असेही नाही. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचे कलम ५८ जप्त केलेला पण लवकर नाश पावणारा माल विकण्याची मुभा दंडाधिकाऱ्याला देते. २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत दोन लाख रुपयांहून कमी मूल्याच्या निरुपयोगी वस्तूंची विल्हेवाट कशी लावायची, हे सक्षम अधिकाऱ्याने ठरवायचे आहे. आणि ते ठरवताना अडलेली जागा व घटणारी किंमत लक्षात घ्यावी, असेही तेथे म्हटले आहे. मुभा होती, धैर्य नव्हते. उद्या कोणी विचारले, तर निविदेचा कागद दाखवता येतो. वाचलेल्या फळ्या दाखवून निर्दोषत्व सिद्ध होत नाही, ही आपल्या सेवेतील शिकवण आहे.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. निर्बंध उगाच आलेले नाहीत. गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी जो आदेश दिला, त्यामागे आरागिरण्यांच्या भुकेपोटी होणारी बेसुमार तोड होती. २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनंतरही आरागिरणीला परवाना लागतोच, आणि तो लागलाच पाहिजे. पडलेल्या झाडाला चांगला भाव मिळू लागला, तर उभी झाडे रात्रीतून 'पडू' लागतील, ही भीती खरी आहे.

तिच्यावर उपाय मात्र साधा आहे. वादळाने पडलेल्या झाडाची मुळे मातीच्या गोळ्यासह वर येतात किंवा खोड वेडेवाकडे फाटते. करवतीने कापलेला बुंधा सपाट असतो. सात दिवसांत बुंध्याच्या छायाचित्रासह पंचनामा करावा. पोकळ झाड त्याच दिवशी जळाऊ ठरवावे. चांगला ओंडका विकूच नये. परवानाधारक आरागिरणीत मजुरी देऊन कापून घ्यावा आणि फळ्या साठा नोंदवहीत चढवाव्यात. विक्रीच नसेल तर लोभालाही जागा उरत नाही. रस्त्याकडेच्या झाडांत पाट्यांचे खिळे रुतलेले असतात आणि त्यांनी पाते तुटते, म्हणून गिरणीवाले नाखूश असतात. धातुशोधक फिरवला की तीही अडचण सुटते.

झाशीतच १९८८ पासून कृषिवानिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. देशाचे कृषिवानिकी धोरण २०१४ मध्ये आले. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ मध्ये घातलेली लाकूडबंदी २०२० मध्ये उठवली. म्हणजे लाकूड वापरावे, असे शासनच आता म्हणते. त्याच २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळाने कोकणातल्या बागा आडव्या केल्या, तेव्हा गावी फोन करणाऱ्या प्रत्येकाने आंबा-फणसाची खोडे अंगणात पडून असल्याचे ऐकले असेल. प्रश्न एकट्या झाशीचा नाही.

झाड लावण्याच्या कार्यक्रमाला आपण फीत कापतो. ते पडल्यावर त्याचे काय करायचे, याचा एक पानी आदेश काढणे तितके अवघड नसावे. माझ्या हाती तेव्हा तेवढेही सुचले नाही, हे नमूद करून ठेवतो.